सावलीच्या राज्यातली हजेरी

रवि. ९ मार्च

नवी वही, म्हणून एकदा लिहून ठेवते. खेळाला दीड वर्ष झालं. एक रविवार आड, जळगावला शिरीषच्या घरी, त्याच्या औषधाच्या दुकानावरच्या खोलीत. टेबल, फासे, कागद, आणि मी सांगेन ते जग. शि. कॉलेजपासूनचा मित्र. त्याची बायको मीनल, गणिताची शिक्षिका. तिचे मामा मधुकरनाना, अमळनेरकडचे, "दखू तरी काय करतस" म्हणून एकदा येऊन बसले ते बसलेच. आणि सावद्याचा योगेश, केळीच्या गाड्या भरून देणारा, आमच्यात सगळ्यात लहान आणि सगळ्यात बोलका. चौघं खेळतात. मी राज्य चालवते.

आज चौघांनी खेळातलं माळावरचं एक गाव आपणहून सावलीच्या राज्याला जोडून दिलं. मी लढाई तयार ठेवली होती. नाना म्हणाले, "कसानी लढाई? लोके ऊनमा मरी राह्यनात. जोडी द्या." कोणी हरकत घेतली नाही. मग गावावर सावलीचं कापड कसं चढलं ते मी सांगितलं. विहिरीपासून वेशीपर्यंत, पांढरं, हलकं. माझा आवाज फार गोड झाला होता. तो मलाच ऐकू आला.

परतीच्या गाडीत पारोळ्यापर्यंत झोप. मग अर्धी झोप. नदीच्या दोन काठांवरची कापडं मधोमध एकमेकांना शिवलेली दिसली, खाली पाणी हिरवं. धुळ्याला उतरल्या उतरल्या लिहून काढलं.

मंगळ. ११ मार्च

नोकरीवर, ग्रंथालयात, परीक्षेच्या दिवसांची शांतता. पंखे आणि पानं. दुपारभर परदेशी खेळांची पुस्तकं चाळली, त्यातली साम्राज्यं.

एका प्रकारात साम्राज्य काळं. कवट्या, लोखंड, ओरडणारे सेनापती. त्यांना मारताना कोणाचाच हात अडखळत नाही, कारण वाईट माणसं दिसायलाही वाईट. दुसऱ्या प्रकारात पहिल्या पानावर छापलेलं की हे सगळं उपहासाने घ्यावं. आणि पुढे पानामागून पान गणवेश, बिल्ले, तोफा, इतक्या मायेने रंगवलेले, की पहिलं पान कोण लक्षात ठेवणार. मुलं त्याच गणवेशातली सोंगटी विकत घेत असणार. मीही घेतली असती.

मला या दोन्हींपेक्षा वेगळं करायचं होतं. बरं वाटणारं राज्य. उन्हात जन्म गेलेल्या माणसांना सावली देणारं. रस्त्यावर ऊन नाही, पाणी वेळेवर, भांडण नाही. बदल्यात रोज हजर राहायचं आणि कापडाच्या वर काय आहे ते विचारायचं नाही. वाटलं होतं, खेळता खेळता त्यांना आपोआप टोचेल.

अजून टोचलेलं नाही. मला तरी टोचतं का? माझ्या वहीत राज्याच्या शिक्षांचं एकही पान नाही. देणग्यांची चाळीसेक.

रवि. २३ मार्च

नवा नियम आणला. एक जुनी हजेरीवही मिळाली होती, लाल कापडी पाठीची. खेळ सुरू होण्याआधी राज्याचा दप्तरदार, म्हणजे मीच, हजेरी घेणार. कोणी आलेलं नसेल तर तो कुठे आहे ते बाकीच्यांनी सांगायचं. सांगेल त्याला एक जादा फासा.

हेतू चांगला होता. हे जरा अंगावर येईल असं वाटलं.

शि. आज खाली दुकानात अडकलेला. मी डोळे न उचलता विचारलं, "नागरिक क्रमांक एक कुठे आहे?"

योगेश उठून उभा राहिला, हात जोडून. "सरकार, तो खाली लोकांना डोकेदुखीच्या गोळ्या विकतोय. त्याची स्वतःची डोकेदुखी इथे वर बसलीय."

मीनल म्हणाली, "योगेशभाऊ, आज चहा विसरा."

"सरकार, ही धमकीसुद्धा लिहा. दोन फासे होतात."

नाना हसता हसता खोकले. मी दप्तरदाराच्या भाषेत लिहिलं: *नागरिक क्रमांक एक इतरांच्या वेदनांत हरवला आहे.* वाचून दाखवलं. सगळ्यांना आवडलं. अंगावर कोणाच्या काही आलं नाही.

शनि. २९ मार्च

दुपारी वामकुक्षीत स्वप्न. देवपूरच्या पुलावरून चाललेय आणि पांझरेवर कापड. बाजारातली माणसं, कॉलेजातली मुलं, सगळी हळू बोलणारी. ऊन गाळून दुधासारखं खाली येतंय. पुलाच्या टोकाशी एक जण बसलाय. माझं नाव विचारतो. मी सांगायच्या आत ते त्याच्या कागदावर असतंच.

मला भीती वाटली नाही. सुटल्यासारखं वाटलं. आता कोणाला काही सांगावं लागणार नाही, असं.

हे खरं लिहायचं होतं, म्हणून लिहिलं.

रवि. ६ एप्रिल

गाडीला गर्दी, रामनवमी. एरंडोलपर्यंत उभी.

योगेश आला नाही. निरोप एवढाच की कामात आहे. मी हजेरीला विचारलं. मीनल म्हणाली, "मी सांगते. फासा माझा." मग एकदम भरभर: "नाशिकला गेलाय, घर बघायला. त्याच्या बायकोला, रूपालीला, तिथल्या शाळेत नोकरी लागलीय, जूनपासून. त्याच्या आप्पांना अजून सांगितलेलं नाही. आखाजीला बहिणी माहेरी येतील, त्या गेल्या की सांगणार. कालच रूपाली फोनवर म्हणाली."

शि. म्हणाला, "अगं, हे इथे कशाला?"

"आपल्यातच तर आहे."

एक क्षण होता. वही मिटता आली असती. योगेशचे आप्पा म्हणजे एकत्र घर, तीन पिढ्यांचा केळीचा मळा, हे मला माहीत होतं. पण वाक्य तयार झालं होतं. मी ते लिहिलं: *नागरिक क्रमांक चार दूरच्या शहरी ऊन विकत घ्यायला गेला आहे. पित्याच्या सावलीतून तो निघणार. पित्यास ठाऊक नाही.*

वाचून दाखवलं. नाना म्हणाले, "वा." मीनलच्या जादा फाशाला सहा पडले.

गाडीत येताना वाक्य मनात म्हणून पाहिलं. चार वेळा तरी.

सोम. १४ एप्रिल

सकाळी आबांबरोबर मिरवणुकीच्या आधी वंदनेला. पांढरा सदरा, इस्त्री त्यांनी स्वतः केलेली. दुपारी घरी, पडदे ओढून, आम्ही दोघंच. वडिलांशी बोलायला ही वेळ बरी, दोघंही अर्धे झोपेत असतो.

आबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते, सगळी नोकरी वेळा लिहिण्यात गेली. त्यांना हजेरीचा नियम सांगितला. योगेशचं नाही सांगितलं. विचारलं, "गाडी उशिरा आली की तुम्ही काय करायचे?"

"आधी ड्रायव्हरचा चेहरा बघायचो."

"मग?"

"मग घड्याळ."

थोड्या वेळाने म्हणाले, "नेहमी नाही. साहेब शेजारी असला की आधी घड्याळ. ते खोटं कशाला सांगू?" आणि कूस बदलली.

माझा दप्तरदार मान वर करत नाही. तसं मीच लिहिलंय. दिसायला छान म्हणून.

मंगळ. २२ एप्रिल

शि.चा फोन, दुपारी, मी पुस्तकं लावत असताना. परवाच्या रविवारी खेळ नव्हता, लग्नतिथ दाट. नाना आणि योगेशच्या घरचे एकाच लग्नाला, फैजपूरला. लांबून नातं लागतं त्यांचं. पंगतीत नाना नेमके आप्पांच्या शेजारी.

नानांनी रंगवून खेळ सांगितला म्हणे. सावलीचं राज्य, कापड, हजेरी. आणि मग, "तुम्हना पोऱ्या आम्हना राज्यमा चार नंबरना नागरिक शे. बापनी सावलीमाईन निंघी राह्यना. नाशिकले घर दखी राह्यना, बापले पत्ताच नही."

आप्पाही हसले. सगळी पंगत हसली. मग पलीकडून आप्पांचे जावई म्हणाले, "नाशिकला? मला स्टँडवर दिसला होता की तो, रूपालीवहिनी होत्या बरोबर."

आप्पा ताटावरून उठले. निम्मं जेवण तसंच.

नानांना वाटलं होतं, ते सगळं खेळातलं आहे.

शि. म्हणाला, योगेश कोणाचा फोन घेत नाही. एकच मेसेज आलाय, मीनलला: वहिनी, नानांना सांगायची गरज नव्हती. मीनल रडतेय. योगेशला वाटतंय की तिने मामांना घरगुती गप्पांत सांगितलं. वहीचं त्याला माहीत नाही.

"तू काही बोलू नकोस," शि. म्हणाला. "होईल शांत."

माहीत नाही, तर माहीत नाहीच राहू दे. हा विचार किती सहज आला. मऊ, पांढरा, हलका.

गुरु. २४ एप्रिल

नानांचा फोन. आवाज बसलेला.

"माले खरंच वाटनं खेयमातलं शे, बेटा. मीनल बोलनी ते मन्हा ध्यानमा नही ऱ्हायनं. तू लिखं ते ध्यानमा ऱ्हायनं. इतलं चांगलं लिखं व्हतं."

मग म्हणाले, "तुन्ही काय चूक नही. म्हतारपन मन्हं." सगळं स्वतःवर घेऊन फोन ठेवला.

खरी गोष्ट मीनलच्या तोंडून आली तेव्हा ती खरी होती. शि.ला टोचलीही. माझ्या वाक्यात जाऊन बसली आणि खोटी झाली, कोणीही कुठेही सांगावी इतकी. हे काम मी केलं. चांगलं लिहिता येतं म्हणून.

बुध. ३० एप्रिल. आखाजी, अक्षय्य तृतीया

गल्लीतल्या कडुलिंबाला झोका. माहेरी आलेल्या मुली, एक बसलेली, दुसरी देणारी. गाणी अर्धी आठवतात त्यांना, अर्धी मोबाईलवर. दुपारी खिडकीतून तो दोर वर-खाली जाताना बघत पडून राहिले. सावद्याला योगेशच्या बहिणी आल्या असतील. घरात कोण कोणाशी बोलत असेल?

संध्याकाळी मीनलचा फोन. आज रडली नाही.

"मला एक सांग," म्हणाली, "सांगणाऱ्याला तू फासा ठेवलास. गप्प बसणाऱ्याला काय ठेवलंस?"

"काही नाही."

"मग मी काय करायला हवं होतं? तुझ्या राज्यात गप्प बसायला खेळच नव्हता." गणिताच्या बाई. मग, "मी स्वतःला सोडवत नाहीये. सांगितलं मीच."

मी म्हटलं, गप्प बसण्यालाही एक फासा ठेवूया. ती म्हणाली, "म्हणजे तेही विकतच."

राज्य चांगलं की वाईट, हे मी दीड वर्ष वर्णनात शोधत होते. कापडाच्या रंगात, दप्तरदाराच्या आवाजात. ते तर फाशांच्या नियमात होतं, एका ओळीच्या.

रवि. ४ मे

योगेश नाही. मीनलने विचारलं होतं, मेसेज वाचलाय, उत्तर नाही.

मी ठरवून गेले नव्हते काहीच. शि.ने सवयीने कपाटातून लाल वही काढून ठेवली. माझ्या तोंडून, तेही सवयीनेच, "नागरिक क्रमांक चार कुठे आहे?"

नाना टेबलाकडे बघत म्हणाले, "माले माहीत नही."

मीनल, "मलाही नाही."

शि. म्हणाला, "मी खाली दुकानात होतो." कोणी हसलं नाही. मग तोच, "आता सांग. न सांगणाऱ्याला सावली काय करते?"

तिघं माझ्याकडे बघत होते. वहीत उत्तर नव्हतं. शिक्षा मी लिहिल्याच नव्हत्या. आजवर वाटायचं, हाच माझा संयम. कवट्या नाहीत, चाबूक नाही.

म्हटलं, "काही करत नाही."

नाना म्हणाले, "मंग ते कसानं राज्य?"

बरोबर होतं त्यांचं. काही करत नाही म्हटलं तर मी राज्याला धुऊन पांढरं करते. आणि करते म्हटलं तर उद्या ती शिक्षा मी लिहिणार, आणि छान लिहिणार. दोन्हीकडून माझी मजा आहे. अर्ध्या तासात खेळ थांबवला. वही घरी घेऊन आले, पिशवीत तळाला.

शि. गाडीपर्यंत सोडायला आला, तेव्हा त्याला सांगितलं, मी सावद्याला जाणार.

"मित्र गमावशील," तो म्हणाला.

"हो."

"तरी?"

"मीनलवर आलंय ना ते सगळं."

शनि. १० मे

आज सावदा. जळगावहून यावलच्या गाडीने. तापी ओलांडली की दोन्ही बाजूंना केळी. एवढ्या उन्हात ती हिरवाई खरी वाटत नाही. बागेच्या आत पानांची छतं एकमेकांत गेलेली, खाली ओला अंधार. दोन उन्हाळ्यांपूर्वी योगेशने अशीच बाग आतून दाखवली होती, ताई, इथे दहा अंश कमी, म्हणत. राज्याचं कापड मी तिथून उचललं, हे आज खिडकीतून बघताना कळलं. त्याला कधी सांगितलं नव्हतं. यावल गेलं, फैजपूर गेलं. डोळे मिटत होते आणि मिटू द्यावेसे वाटत होते.

योगेश ओट्यावरच होता. "ये ताई." एवढंच. आत बसलो. मी पाणी प्यायच्या आधी सांगून टाकलं. मीनल बोलली ते टेबलावर, मी विचारलं म्हणून. नियम माझा. लिहिलं मी, वाचून दाखवलं मी. नानांनी ते वाक्य सांगितलं.

त्याने ऐकून घेतलं. मग, "काय लिहिलं होतंस? शब्द सांग."

वही पिशवीत होती. काढली नाही, पाठ होतं. म्हटलं.

"ऊन विकत घ्यायला," तो पुन्हा म्हणाला. "चांगलं लिहिलंस." त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, तेच वाईट. "मला आप्पांशी बोलायला असे शब्द मिळत नव्हते, ताई. महिनाभर शोधत होतो. आणि त्यांना पंगतीत मिळाले."

रूपाली केळी घेऊन आली. मी विचारलं, जूनचं कसं काय. ती बशी ठेवत म्हणाली, "शाळेला आठवडाभरात कळवायचंय. हो की नाही ते या घरात मला सोडून सगळे ठरवताहेत."

निघताना आप्पा आले, डोक्याला उपरणं, मळ्यातून. "ह्याच का त्या राज्यवाल्या? बसा बाई, उन्हाच्या आल्या." मी उभीच. ते म्हणाले, "मले एक सांगा. तुमच्या राज्यात पोऱ्या बापाले सांगून जातो का न सांगता?"

म्हटलं, "आप्पा, तिथे बाप मी लिहिलेलेच नाहीत."

"मंग सोपं हाये तुमचं," ते म्हणाले आणि आत गेले.

योगेश स्टँडपर्यंत आला. बॉक्स भरलेली गाडी जाऊ देत थांबलो. विचारलं, रागावलायस का. म्हणाला, "रागावलो असेन तर तुला सांगेन. पुढच्या रविवारी येईन की नाही, ठरलं नाही. मीनलवहिनीला आज फोन करतो." गाडी लागली. मी चढले, तेव्हा खालून, "एक कर ताई. माझं लिहीत जाऊ नकोस."

हो म्हटलं. आणि घरी येऊन हे सगळं लिहिलंय. सकाळपासूनचं, शब्द न् शब्द.

सोम. १२ मे

पौर्णिमा. आबांनी खीर केली, गोड जास्त. त्यांना सगळं सांगितलं, नावांसकट. ऐकून म्हणाले, "गेलीस ते बरं केलंस." मग, "ती वही कुठेय?"

"कपाटात."

"फाडू नको लगेच. फाडलं की आपण सुटतो."

दुपारी राज्याचं स्वप्न पडलं नाही. पडावं म्हणून जरा जास्त वेळ पडून राहिले, हेही खरं.

रवि. १८ मे

अकराला खेळ सुरू. हजेरी घेतली नाही. दप्तरदार राज्यात आहे की नाही, कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

राजधानीत दुपार होती. मी म्हटलं, भर रस्त्यात कापड एका जागी विरलंय. खाली उन्हाचा चौकोन पडलाय, हातभर. माणसं त्याला वळसा घालून चाललीयेत. काय करता?

फासे कोणीच उचलले नाहीत. मीनल म्हणाली, "शिवायला कोणी येतंय का?" मी म्हटलं, अजून नाही. नाना म्हणाले, "थांबा. दखू द्या माले आधी." आणि खुर्चीत पुढे सरकून, जणू तो चौकोन टेबलावरच पडलाय, तसे बघत राहिले. खोलीत पंख्याचा आवाज. खाली दुकानाचं शटर कोणीतरी अर्धं वर केलं.

मग जिन्यावर पावलं वाजली.

कोण होतं, कोणासाठी आलं होतं, आणि रूपालीने शाळेला काय कळवलं, हे मला आता, धुळ्याला परत आल्यावर, सगळं ठाऊक आहे. इथे लिहीत नाही.